वितळपाण्याची वाळू आणि तिच्यावरचे अरण्य

प्रस्तावना

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा दक्षिणेकडील मोठा भूभाग लोअर पेनिन्सुला या नावाने ओळखला जातो. त्याच्या उत्तर भागात ग्रेलिंग, कॅल्कास्का, गेलॉर्ड आणि रॉसकॉमन या गावांभोवती दूरवर पसरलेली वाळूची आणि गोट्यांची जमीन, तसेच त्या जमिनीवर उभे असलेले अरण्य, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. ही वाळू समुद्राने आणलेली नाही आणि वाळवंटी वाऱ्यानेही नाही. शेवटच्या हिमयुगात खंडाचा उत्तर भाग झाकून बसलेला बर्फ वितळू लागला, तेव्हा त्याच्या कडेतून सुटलेल्या पाण्याने ती वाहून आणली आणि पसरून ठेवली. अशा निक्षेपाला भूविज्ञानात ‘आउटवॉश’ म्हणतात, आणि त्यावर झाडांच्या सावलीत हजारो वर्षे घडत गेलेल्या मातीला या पुस्तकात हिमजलोढ अरण्यमृदा असे म्हटले आहे.

महाराष्ट्रातील शेतकरी ज्या जमिनीत ओल टिकत नाही तिला हलकी जमीन म्हणतो, आणि त्या मापाने पाहता मिशिगनची ही जमीन हलक्यांतही हलकी ठरते. पाणी, चुना, पोटॅश, नत्र यांपैकी काहीही ती फार काळ धरून ठेवू शकत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर नांगर चालवणारी कुटुंबे काही वर्षांतच घरेदारे सोडून निघून गेली. परंतु मातीची परीक्षा केवळ ती काय धरून ठेवते यावर करावयाची, ही कसोटी मुळात नांगराची आहे. ही माती काय सोडून देते, कोणाला देते आणि किती वेगाने देते, असे विचारले की तिचे दुसरे रूप दिसू लागते. तिने सोडलेल्या पाण्यावर थंड, निर्मळ नद्या बारमाही वाहतात. तिने वरच्या थरातून सोडलेले लोह खालच्या थरात साठून एक विलक्षण रंगीत मृदाछेद तयार करते. आणि ती लवकर कोरडी पडते म्हणूनच आगीवर जगणारे एक अरण्य तिच्यावर उभे राहते. सोडून देणे हा या मातीचा दोष नसून तिची कार्यपद्धती आहे, आणि हे न ओळखता तिच्याशी केलेला प्रत्येक व्यवहार माणसाला महागात पडला आहे, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या मातीचा जन्म समजून घेण्यासाठी बर्फापासून सुरुवात करावी लागते. सुमारे 21,000 वर्षांपूर्वी लॉरेंटाइड नावाचा हिमस्तर, म्हणजे संपूर्ण प्रदेश झाकणारे बर्फाचे अखंड आवरण, आजच्या कॅनडाच्या बहुतेक भागावर आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांवर पसरलेला होता, आणि संपूर्ण मिशिगन त्याच्याखाली गाडलेले होते. हा बर्फ स्थिर नव्हता. स्वतःच्या वजनाने तो बाहेरच्या दिशेने सरकत असे आणि सरकताना खालचा खडक खरवडून, फोडून, दळून आपल्याबरोबर नेत असे. मिशिगन सरोवराच्या आणि सॅगिनॉ उपसागराच्या सखल खोऱ्यांतून त्याचे रुंद फाटे पुढे आले होते. साधारण 17,000 ते 13,000 वर्षांपूर्वीच्या काळात हे फाटे थांबत, मागे हटत आणि मधूनच पुन्हा पुढे सरकत लोअर पेनिन्सुला मोकळा करत गेले. ज्या उंच पट्ट्यात दोन फाट्यांच्या कडा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या, तेथे दोन्ही बाजूंचे वितळपाणी एकत्र आले, आणि त्यामुळे तेथे साचलेल्या गाळाची जाडी असामान्य आहे. बर्फाने व त्याच्या पाण्याने आणलेला हा सैल थर लोअर पेनिन्सुलाच्या वायव्य भागात काही ठिकाणी 300 मीटरांहून अधिक भरतो.

बर्फाने थेट टाकलेला माल आणि बर्फाच्या पाण्याने वाहून आणलेला माल यांतील फरक हा या विषयाचा पाया आहे. बर्फ वितळताना जागच्या जागी जे खाली बसते, त्याला ‘टिल’ म्हणतात. त्यात चिकणमातीच्या सूक्ष्म कणापासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सर्व काही बेशिस्त मिसळलेले असते, कारण बर्फाला निवड करता येत नाही. वाहते पाणी मात्र निवड करते. वेग असेल तेथे ते गोटे आणि खडी टाकते, वेग मंदावला की जाडीभरडी वाळू, त्यानंतर बारीक वाळू, आणि चिकणमातीचे कण मात्र ते तसेच पुढे दूरच्या सरोवरांत घेऊन जाते. हिमस्तराच्या कडेतून निघणारे प्रवाह उन्हाळ्यात फुगत, हिवाळ्यात आटत, एकमेकांत गुंतलेल्या असंख्य उथळ धारांनी वाहत आणि आपलेच पात्र गाळाने भरून दर काही दिवसांनी बाजू बदलत. आइसलंडमध्ये वात्नायोकुल या हिमटोपाच्या दक्षिणेस आजही अशी मैदाने घडताना दिसतात. मिशिगनमधील खाणीच्या उभ्या कापात हा सारा इतिहास वाचता येतो: वाळूचे तिरपे पदर, त्यांना छेदणारी गोट्यांची पट्टी, तिच्यावर पुन्हा स्वच्छ वाळू. कोठे गाळाखाली गाडलेला बर्फाचा प्रचंड तुकडा मागाहून वितळला आणि वरची जमीन खचून खोलगट खड्डा झाला. अशा खड्ड्यांना ‘केटल’ म्हणतात, आणि या भागातील अनेक लहान गोल सरोवरे त्यांतच साठलेली आहेत.

चिकणमाती दूर वाहून गेल्यामुळे मागे राहिलेल्या निक्षेपाचा स्वभाव ठरून गेला. मृदाविज्ञानात 2 मिलिमीटरपर्यंतच्या कणाला वाळू आणि 0.002 मिलिमीटरहून लहान कणाला चिकणमाती म्हणतात. कण जितके लहान, तितका त्यांचा एकत्रित पृष्ठभाग मोठा, आणि पाणी व पोषकद्रव्ये धरून ठेवण्याचे काम या पृष्ठभागावरच चालते. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो, त्यामुळे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे धनभारित आयन त्यांना चिकटून राहतात. क्वार्ट्‌झच्या वाळूवर असा भार जवळजवळ नसतो. शिवाय वाळूतील पोकळ्या मोठ्या असल्याने पावसाचे पाणी त्यांत अडकून न राहता गुरुत्वाकर्षणाने सरळ खाली जाते. दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस थांबल्यानंतरही रब्बीचे पीक पोसते. मिशिगनची ग्रेलिंग वाळू मात्र मोठ्या पावसानंतरही थोड्याच दिवसांत पुन्हा कोरडी ठणठणीत होते. तिच्यात वापसा येतो आणि जातो, पण टिकत नाही.

तरीही ही केवळ वाळू नाही, ती माती आहे. कारण तिच्यावर वनस्पती, हवामान आणि काळ यांचे संस्कार झालेले आहेत. कॅल्कास्का नावाच्या मृदेचा एक मीटरभर खोल उभा छेद घेतला तर सर्वांत वर पानांचा आणि काटक्यांचा कुजत चाललेला गडद पापुद्रा दिसतो, त्याखाली फिकट राखाडी, जवळजवळ पांढरा पडलेला वाळूचा थर येतो, मग एकाएकी गडद तपकिरी व तांबूस थर लागतो, आणि तो हळूहळू पिवळसर होत मूळच्या वाळूत विरून जातो. हे घडवणाऱ्या प्रक्रियेला पॉडझॉलीकरण म्हणतात. पालापाचोळा कुजताना, विशेषतः पाइन आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांचा, त्यातून सेंद्रिय आम्ले बाहेर पडतात. पाझरणाऱ्या पाण्याबरोबर खाली जाताना ही आम्ले वाळूच्या कणांवरील लोह आणि ॲल्युमिनियम विरघळवून त्यांना आपल्या रेणूंत बांधून घेतात, आणि त्यामुळे वरचा थर फिकट पडतो. काही खोलीवर गेल्यावर धातूंचे प्रमाण वाढते, सूक्ष्मजीव आम्लांचे विघटन करतात, पाण्याची गती थांबते आणि वाहून आणलेले लोह, ॲल्युमिनियम व सेंद्रिय द्रव्य तेथेच साचते. क्वचित हा साठा इतका घट्ट होतो की वाळूचे कण एकमेकांना चिकटून दगडासारखे कठीण होतात. त्या कठीण थराला जर्मन परंपरेतून आलेले ‘ऑर्टश्टाइन’ हे नाव आहे.

कोकणातील जांभा पाहिलेल्या वाचकाला या प्रक्रियेचे वेगळेपण चटकन लक्षात येईल. रत्नागिरीच्या किंवा महाबळेश्वरच्या पठारावर उष्ण, पावसाळी हवामानात खडकातील सिलिका धुपून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून तांबडी, कठीण कवचे तयार होतात. मिशिगनच्या थंड, आम्लधर्मी अरण्यात वरच्या थरातून लोह व ॲल्युमिनियम निघून जाते आणि सिलिकाची पांढरी वाळू मागे राहते. पाणी दोन्हीकडे खालीच जाते, परंतु तापमान, आम्लता आणि सेंद्रिय द्रव्याचे स्वरूप वेगळे असल्याने ते काय घेऊन जाणार आणि काय ठेवणार हे नेमके उलट ठरते. माती म्हणजे झिजलेला खडक एवढीच कल्पना असेल तर हा विरोध उकलत नाही. माती हा हवामानाचा आणि जीवसृष्टीचा दस्तऐवज आहे हे मान्य केले की तो उकलतो.

ही दृष्टी प्रथम रशियात आकाराला आली. वासिली डोकुचायेव यांनी 1883 साली रशियातील काळ्या मातीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माती ही स्वतंत्र नैसर्गिक वस्तू असून ती मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, उतार आणि काळ यांच्या एकत्रित कार्याने घडते असे मांडले. त्यांच्या परंपरेतील कॉन्स्टंटिन ग्लिंका यांच्या ग्रंथाचा कर्टिस मार्बट यांनी जर्मनवरून केलेला इंग्रजी अनुवाद 1927 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि 1941 साली हान्स जेनी यांनी याच पाच घटकांना गणिती संबंधाच्या रूपात बांधून मृदानिर्मितीचा सिद्धान्त पुढे नेला. इकडे हिमयुगाची कल्पनाही नवीनच होती. लुई ॲगासी यांनी 1837 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती जाहीरपणे मांडली, आणि फ्रँक लेव्हरेट व फ्रँक टेलर यांनी 1915 साली इंडियाना आणि मिशिगन येथील हिमयुगीन निक्षेपांवरील विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. भूविज्ञानाने वाळू कोठून आली ते सांगितले आणि मृदाविज्ञानाने त्या वाळूचे पुढे काय झाले ते. हिमजलोढ अरण्यमृदेचा अभ्यास या दोन प्रवाहांच्या संगमावर उभा आहे.

काळाची भूमिका तपासण्यासाठी मिशिगनइतकी सोयीची प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. बर्फ हटल्यानंतर मिशिगनभोवतीच्या महासरोवरांची (ग्रेट लेक्स) पातळी अनेकदा बदलली आणि प्रत्येक पातळीने आपल्या किनाऱ्याची वाळूची पायरी मागे ठेवली. त्यामुळे जवळजवळ सारख्याच वाळूवर, सारख्याच हवामानात, वेगवेगळ्या वयाच्या मृदा शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. डोनाल्ड फ्रान्झमायर आणि युजीन व्हाइटसाइड यांनी 1963 साली अशा मृदांची मालिका अभ्यासून दाखवले की फिकट थर आणि तांबूस थर ही जोडी वयानुसार क्रमाक्रमाने स्पष्ट होत जाते, आणि तिला पूर्ण रूप येण्यास काही हजार वर्षे लागतात. जंगल तोडण्यास जेथे एक पिढी पुरली, तेथील मृदाछेद घडण्यास एवढा काळ लागला, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना विसरून चालणार नाही.

काळ सारखा असला तरी सर्व वाळूची माती सारखी होत नाही, आणि या प्रदेशातील सर्वांत मनोज्ञ कोडे तेथेच आहे. कॅल्कास्का आणि ग्रेलिंग या दोन मृदा एकाच प्रकारच्या हिमजलोढ वाळूवर, काही ठिकाणी एकमेकींपासून फार दूर नसताना, घडलेल्या आहेत. तरी पहिलीत पॉडझॉलचे थर पूर्ण विकसित झालेले दिसतात आणि तिच्यावर शुगर मेपल, बीच आणि यलो बर्च यांचे घनदाट पानगळी अरण्य वाढते, तर दुसरीत थर जेमतेम उमटलेले असतात आणि तिच्यावर जॅक पाइन व खुरटे ओक एवढेच उभे राहते. अमेरिकी वर्गीकरणात पहिली स्पोडोसॉल या वर्गात, म्हणजे विकसित पॉडझॉलांच्या वर्गात, मोडते आणि दुसरी एंटिसॉल या वर्गात, म्हणजे अजून स्पष्ट थर न झालेल्या मृदांच्या वर्गात. कॅल्कास्का मृदा राज्याच्या 29 काउंटींमध्ये आढळते आणि 1990 साली तिला मिशिगनची राज्यमृदा म्हणून मान मिळाला. ग्रेलिंग मृदेच्या वाट्याला असा मान आला नाही, परंतु या पुस्तकात तिला तितकीच जागा दिली आहे.

या कोड्याच्या उत्तराचा एक भाग आकाशातून पडतो. मिशिगन सरोवरावरून येणारे थंड वारे वाटेत बाष्प उचलतात आणि किनाऱ्यापलीकडच्या उंच पट्ट्यात प्रचंड हिमवृष्टी करतात. गेलॉर्डच्या परिसरात वर्षाला सरासरी तीन मीटरांहून अधिक बर्फ पडतो. हिवाळ्याच्या सुरुवातीलाच पडलेले जाड आवरण जमिनीला गोठू देत नाही, आणि वसंतात ते सावकाश वितळते तेव्हा त्याचे पाणी पालापाचोळ्यातून सलग, दीर्घकाळ खाली पाझरते. रँडल शेट्‌झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिशिगनमधील मृदांच्या वितरणाचा अभ्यास करून हिमपट्टा आणि विकसित पॉडझॉल यांची ही सांगड स्पष्ट केली. उत्तराचा दुसरा भाग जमिनीत दडलेला आहे. वाळूत मूठभर अधिक बारीक कण असले, किंवा एखाद्या मीटरखाली चिकणमातीच्या काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर जाडीच्या आडव्या पट्ट्या असल्या, तर त्यांवर पाणी क्षणभर थबकते आणि मुळांना तेवढीच ओल पुरते. वरून पाहता सपाट आणि एकसुरी वाटणाऱ्या या मैदानावर मेपलचे अरण्य असावे की पाइनचे, हे अशा बारीकसारीक गोष्टी ठरवतात.

उत्तराचा तिसरा भाग आगीचा आहे. वाळू लवकर कोरडी पडते, तिच्यावरचा पालापाचोळाही लवकर वाळतो आणि वसंतात वीज पडली किंवा ठिणगी लागली की आग मैदानभर धावते. जॅक पाइनने या आगीशी आपले जीवनचक्रच जुळवून घेतले आहे: त्याची बरीचशी फळे, म्हणजे शंकू, राळेने घट्ट मिटलेली असतात आणि वर्षानुवर्षे झाडावरच राहतात; साधारण 50 अंश सेल्सियसच्या पुढे उष्णता गेली की राळ वितळते, शंकू उघडतात आणि मोकळ्या झालेल्या, राख मिसळलेल्या वाळूवर बियांचा सडा पडतो. झाडांखाली ब्लूबेरी, ब्रॅकन नेचा, स्वीटफर्न आणि दगडफुलाच्या जातीची फिकट वनस्पती वाढते; यांपैकी स्वीटफर्नच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधतात, आणि पाइनच्या मुळांना वेढणाऱ्या बुरशीचे तंतू वाळूच्या कणांतून झाडाला फॉस्फरस मिळवून देतात. नत्र आणि फॉस्फरस इतके दुर्मीळ असताना या जमिनीवर अरण्य टिकते ते मातीत साठा आहे म्हणून नव्हे, तर मुळे, बुरशी आणि कुजणारी पाने यांच्यातील देवघेव सतत चालू असते म्हणून. थंडीही येथे वाळूच्याच बाजूने उभी असते. कोरडी वाळू रात्री झपाट्याने थंड होते, सखल मैदानांत गार हवा साचते आणि उन्हाळ्यातही दंव पडू शकते. राज्यातील सर्वांत कमी तापमानाची नोंद, उणे 46 अंश सेल्सियस, 9 फेब्रुवारी 1934 रोजी याच उंच प्रदेशातील व्हँडरबिल्ट येथे झाली.

ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या अनिशिनाबे लोकांना या भूमीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता; ते येथे शिकार, मासेमारी आणि बेरीची वेचणी करत आणि बेरीची झुडपे पुन्हा फुटावीत म्हणून जमीन जाणीवपूर्वक जाळत. 1819 चा सॅगिनॉ करार आणि 1836 चा वॉशिंग्टन करार यांनी लोअर पेनिन्सुलाच्या उत्तर भागातील बहुतेक भूमी त्यांच्याकडून अमेरिकी सरकारकडे गेली, आणि त्यानंतर काही दशकांतच तेथे कुऱ्हाड पोहोचली. उंच, सरळ व्हाइट पाइनच्या लाकडाने शिकागोसारखी शहरे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही काळ मिशिगन हे देशातील इमारती लाकडाचे सर्वांत मोठे उत्पादक राज्य होते. तोडीनंतर मागे राहिलेल्या फांद्यांच्या ढिगांनी पेट घेतला. ऑक्टोबर 1871 आणि सप्टेंबर 1881 मधील आगींनी राज्याचे मोठे भाग भस्मसात केले. मोठ्या झाडांशिवाय पुन्हा पुन्हा लागलेल्या या आगींत पालापाचोळ्याचा थरही जळून गेला, म्हणजे या मातीला जे काही धरून ठेवता येत होते ते धरणारा थरच नाहीसा झाला.

यानंतर जे घडले ते मृदाविज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद आहे. तोडलेली जमीन शेतीयोग्य म्हणून विकण्यात आली आणि दूरदूरहून आलेल्या कुटुंबांनी ती घेतली. पहिली एकदोन पिके जुन्या सेंद्रिय द्रव्यावर निघाली. नंतर वाळू वाऱ्यावर उडू लागली, पीक करपू लागले आणि कर थकल्यामुळे लाखो एकर जमीन पुन्हा राज्याच्या ताब्यात आली. 1903 साली रॉसकॉमन आणि क्रॉफर्ड काउंटींत राज्याची पहिली राखीव वने घोषित झाली. 1922 साली सुरू झालेल्या मिशिगन भू-आर्थिक सर्वेक्षणाने माती, झाडे, रस्ते आणि जमिनीचा वापर एकाच नकाशावर आणण्याचा त्या काळी अभिनव असा प्रयत्न केला. मृदाशास्त्रज्ञ जेथ्रो व्हीच यांच्यासारख्यांच्या नकाशांनी कोणती वाळू शेतीस योग्य, कोणती केवळ अरण्यास योग्य, हे प्रथमच पद्धतशीरपणे दाखवून दिले. हे नकाशे अर्धशतक आधी हाती असते तर कित्येक कुटुंबांची वाताहत टळली असती. 1933 पासून सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या रोजगार योजनेतील तरुणांनी राज्यात कोट्यवधी रोपे लावली, आणि आज या भागात दिसणारी पाइनची बरीच वने त्यांच्या हातची आहेत. ग्रेलिंगजवळील हार्टविक पाइन्स उद्यानात मात्र सुमारे 49 एकरांत मूळ जुने अरण्य शिल्लक आहे; 1927 साली राज्याला दान मिळाले तेव्हा ते 85 एकर होते, आणि 1940 च्या वादळाने त्याचा मोठा भाग आडवा केला.

आगीचा बंदोबस्त झाला आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. कर्टलंड्स वॉर्बलर हा पिवळ्या छातीचा लहान पक्षी हिवाळा बहामा बेटांवर काढतो, परंतु त्याची घरटी बव्हंशी या वाळूवरच आढळतात. साधारण पाच ते वीस वर्षे वयाच्या जॅक पाइनच्या दाट रानात, खालच्या फांद्यांच्या आडोशाने, तो जमिनीवर घरटे करतो, आणि पाणी पटकन मुरवणारी वाळू त्या घरट्याला पावसात बुडू देत नाही. त्याचे पहिले घरटे 1903 साली ऑस्कोडा काउंटीत सापडले. आग थांबल्यामुळे कोवळी पाइनवने कमी झाली आणि दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालणारे काउबर्ड वाढले; 1951 च्या गणनेत 432 गाणारे नर आढळले होते, 1974 आणि 1987 साली केवळ 167 उरले. 5 मे 1980 रोजी याच पक्ष्यासाठी कोवळे रान तयार करण्याच्या हेतूने लावलेली नियंत्रित आग मॅक लेक येथे हाताबाहेर गेली; सुमारे 24,000 एकर क्षेत्र जळाले, आग विझवणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला आणि 44 घरे व इमारती नष्ट झाल्या. त्याच जळलेल्या क्षेत्रावर पुढील दशकात पाइनचे नवे रान उगवले आणि पक्ष्यांची संख्या वेगाने वाढू लागली. लागवड, नियोजित तोड आणि काउबर्डचे नियंत्रण यांच्या जोरावर 2019 साली हा पक्षी संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून बाहेर आला. मृत्यू आणि पुनरागमन या दोन्ही गोष्टी एकाच आगीच्या वाट्याला आल्या, हे सत्य कोणत्याही बाजूने सौम्य न करता सांगितले पाहिजे.

वाळू जे पाणी सोडते त्याचा हिशेबही येथे महत्त्वाचा आहे. पाऊस आणि वितळलेला बर्फ पृष्ठभागावरून वाहून न जाता खाली मुरतो, जाड निक्षेपात भूजल म्हणून साठतो आणि वर्षभर झऱ्यांवाटे ओ साबल आणि मॅनिस्टी या नद्यांना मिळतो. त्यामुळे या नद्यांना ना मोठे पूर येतात ना त्या आटतात, आणि त्यांचे पाणी उन्हाळ्यातही थंड राहते. ग्रेलिंग गावाला ज्या माशाचे नाव मिळाले तो ग्रेलिंग मासा या पाण्यात विपुल होता. ओंडके वाहून नेण्याने खरवडलेली पात्रे, अतिरेकी मासेमारी आणि बाहेरून आणलेल्या माशांची स्पर्धा यांमुळे तो 1930 च्या दशकापर्यंत राज्यातून नाहीसा झाला. ट्राउट अनलिमिटेड ही नद्यांच्या संरक्षणासाठी काम करणारी संघटना 1959 साली ओ साबलच्या काठीच स्थापन झाली. मात्र जी वाळू पाणी इतक्या सहज जाऊ देते ती विषही तितक्याच सहज जाऊ देते. ऑस्कोडा येथील बंद झालेल्या वर्ट्‌स्मिथ हवाई तळावर आग विझवण्याच्या फेसातून आलेली, नैसर्गिकरीत्या जवळजवळ न विघटणारी पीएफएएस रसायने वाळूतून भूजलात आणि तेथून नदी-सरोवरांत पोहोचली. सेप्टिक टाक्या, खते आणि जमिनीवर सांडलेले इंधन यांच्या बाबतीतही हीच गोष्ट लागू होते: गाळून घेणारी चिकणमाती मध्ये नसल्याने जमिनीवर केलेली चूक थोड्याच काळात विहिरीत उतरते.

पुस्तकाची मांडणी या तर्काला धरून केलेली आहे. पहिल्या भागात हिमस्तराची हालचाल आणि वितळपाण्याचे कार्य यांचे विवेचन आहे, कारण निक्षेपाची रचना कळल्याशिवाय मातीचा स्वभाव कळत नाही. दुसऱ्या भागात मृदाछेदाची घडण, पॉडझॉलीकरणाचे रसायन आणि कॅल्कास्का, ग्रेलिंग व त्यांच्या दरम्यान येणारी रुबिकॉन या मृदांची तुलना आहे. तिसरा भाग अरण्याचा, आगीचा आणि त्यांवर जगणाऱ्या जीवांचा आहे, आणि चौथा भाग माणसाने या भूमीशी केलेल्या व्यवहाराचा. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत मराठीत रूढ झालेले शब्द शक्य तेथे वापरले आहेत. टिल, केटल, पॉडझॉल यांसारख्या, जगभर त्याच रूपात चालणाऱ्या संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्यांचा अर्थ दिला आहे.

मराठी वाचकाने इतक्या दूरच्या वाळूचा अभ्यास का करावा, या प्रश्नाचे उत्तर वरील विवेचनातच आहे. जमिनीची प्रतवारी करताना सर्वत्र एकच माप लावले जाते, आणि ते माप बहुधा पिकाचे असते. त्या मापाने जी जमीन पडीक, निकस किंवा निरुपयोगी ठरते ती पाणी मुरवण्याचे, नदी जिवंत ठेवण्याचे, एखाद्या पक्ष्याला घरट्यासाठी जवळजवळ एकमेव जागा देण्याचे काम करत असेल, तर ते मापच अपुरे आहे. मिशिगनमध्ये हे समजण्यासाठी उजाड झालेली शेते, जळलेली गावे आणि दूषित विहिरी अशी किंमत मोजावी लागली. आता हवामान तापत आहे, जॅक पाइन येथे आपल्या विस्ताराच्या दक्षिण कडेवर उभा आहे, आणि हिमवृष्टीचा ताल बदलला तर ज्या संथ पाझरावर या मृदा घडल्या तोही बदलेल. अशा वेळी या भूमीचे काय करावे हे ठरवणाऱ्यांनी प्रथम ती काय करते ते जाणून घ्यावे, आणि जी माती हजारो वर्षांत घडली तिच्यावरचा निर्णय एका हंगामाच्या उत्पन्नावर सोपवू नये, एवढा आग्रह धरण्यासाठी हे पुस्तक सिद्ध केले आहे.